टिटवीच्या दोन अंड्यांवरचे ठिपके सारखे का नसतात?

प्रश्न: काल रानात कुळव चालू होता, तर टिटवी पंख पसरून बैलांच्या पुढ्यातच उभी राहिली. खाली वाकून पाहिलं, तरी अंडी दिसेनात. पाऊल पडायला वीतभर उरलं तेव्हा दिसली. चार अंडी, निमुळती टोकं आत. रंग मातीचा, वर काळपट ठिपके. पण चारही वेगळी, एकावर तर ठिपके फराटल्यासारखे. असं का?

उत्तर १: कवच जवळपास पूर्ण झाल्यावर, अंडं बाहेर येण्याआधी काही तासांत हे गडद ठिपके पडतात. तपकिरी छटा प्रोटोपॉर्फिरिन या रंगद्रव्याची, हिरवट-निळी बिलिव्हर्डिन या दुसऱ्या रंगद्रव्याची. रंग पडताना अंडं स्थिर असेल तर ठिपका, सरकलं वा फिरलं तर फराटा.

उत्तर २: ठिपके फक्त लपण्यासाठी नसतात. ऑक्सफर्डजवळच्या वायटम जंगलात ग्रेट टिट या चिमणीएवढ्या पक्ष्यांची अंडी तपासली, त्याचा निबंध २००५ साली आला. कवच जिथे पातळ, तिथे ठिपके गडद. आणि मातीत कॅल्शियम कमी असेल तिथे ठिपके जास्त. मला तर हे लपण्यापेक्षाही भारी वाटतं! टिटवीतही तसंच असेल, असं मात्र यावरून म्हणू नका.

प्रश्नकर्ता: आभार. आज घरच्या गावरान कोंबडीची अंडीही उजेडात धरून पाहिली. टिटवीभोवतीचा तुकडा न कुळवता सोडलाय, चार कोपऱ्यांना काठ्या रोवल्यात. दुपारी ती पोट भिजवून येते आणि अंड्यांवर बसते. पिल्लं निघेपर्यंत तिकडे औत नेणार नाही.