टायटनचा पाऊस आणि सुदामानगरचा नळ

सुदामानगरी: शनीच्या टायटन या चंद्रावर मिथेनचा पाऊस पडतो म्हणे. तो बघायला नासाचं ड्रॅगनफ्लाय यान २०२८ मध्ये निघणार, २०३४ ला पोचणार. इथं इंदूरला नळाला एक दिवसाआड करंगळीएवढी धार. कमी गुरुत्वात द्रव कसा वागतो हे कळून माझी टाकी भरणार आहे का?

रामबागवाले काका: हे वाचून रात्री झोप लागली नाही. बत्तीस वर्षं पंपांत घालवलीत मी. पाणी तळाशी बसतं, बुडबुडा वर येतो, हे आपल्याला आयतं मिळालंय म्हणून त्याची किंमत नाही! वजनरहित अवस्थेत रॉकेटच्या टाकीतलं इंधन तळाशी थांबतच नाही. भिंतींना चिकटतं, गोळे होऊन तरंगतं. पंपाने इंधनाऐवजी वायू ओढला की खेळ खलास. म्हणून इंजिन पुन्हा पेटवण्याआधी छोट्या थ्रस्टरांनी यानाला जरासा रेटा देतात, तेव्हा कुठे इंधन तळाला बसतं. टायटनवर गुरुत्व आपल्या सातव्या हिश्श्याचं, हवा आपल्याहून दाट. थेंब होतो सेंटिमीटरभर आणि उतरतो सेकंदाला दीडेक मीटरने. आपल्याकडचा टपोरा थेंब नऊने आदळतो. बर्फ भुरभुरावा तसा पाऊस! यात गंमत वाटत नसेल तर पोहे खा आणि झोपा.

पागनीसपागा: काका, रॉकेटचं खरं, पण त्यासाठी टायटन कशाला? आणि ड्रॅगनफ्लाय पावसासाठी चाललेलंच नाही. ते विषुववृत्ताजवळ वाळूच्या टेकड्यांत उतरणार. मिथेनची मोठी तळी उत्तर ध्रुवाकडे.

सुदामानगरी: बरं, वाळू. वाळूने भरू टाकी?

रामबागवाले काका: तुमचा नळही गुरुत्वाचाच हिशोब आहे. नर्मदेचं पाणी इंदूरला येतं ते नदीकाठच्या जलूदहून, आणि इंदूर तिथून साधारण ४०० मीटर उंच. हजार लिटरला नुसत्या चढणीची एक युनिटभर वीज, पंपाची घट वेगळी. टायटनवर हेच सातव्या हिश्श्यात झालं असतं.

सुदामानगरी: मग तिकडेच प्लॉट घेतो.

पागनीसपागा: घ्या. तापमान उणे १७९ अंश. पाणी तिथं दगड, छिन्नीने फोडा.

त्याच गल्लीतली: करंगळीएवढी धार का, ते मी सांगते. नळ आला रे आला की यांची मोटर थेट लाइनवर. आमच्या सासूबाई पहाटे साडेपाचला बादली लावून बसतात आणि नळातून नुसतं फुस्स! भिया, यात गुरुत्वाचा काय दोष?

सुदामानगरी: ताई, सगळेच लावतात. मी एकट्याने काढून काय होणार? आणि विषय टायटनचा चाललाय.

रामबागवाले काका: नळ तुम्हीच आणलात मध्ये! मोटरने लाइन ओढली की फुटक्या जोडातून गटारातलं आत येतं. आमच्या घरात दोघांना कावीळ झाली होती, माझा संशय त्यावरच. लिहू का सविस्तर?

सुदामानगरी: नको. इंधन तळाला बसवायचं ते छान सांगितलंत, एवढं मान्य. मोटरचं रविवारी बघतो.

त्याच गल्लीतली: रविवारी नळ नाही. सोमवारी पहाटे येते, दार उघडं ठेवा.