मनुके नाचवून बघा
वर ताईंनी विचारलंय ना की चार वर्षांच्या पोराला मोबाईल न देता घरात कसं गुंतवायचं, तर आमच्या नाशकात मनुके घरोघरी असतातच, काचेच्या ग्लासात साधा सोडा ओता, बाटली ताजी फोडलेली हवी, आणि ५-६ मनुके टाका. आधी तळाशी बसतात, मग सुरकुत्यांमध्ये बुडबुडे चिकटले की वर येतात, वर येऊन बुडबुडे फुटले की परत खाली. आमची लेक "आला आला... गेलाऽऽ" करत कितीतरी वेळ मोजत बसली होती (निम्मे मनुके पोटात गेले ते वेगळं). नंतर शेंगदाणा, मटकी पण टाका, पण कोण नाचणार ते आधी तिलाच विचारा, मजा तिथे आहे. विकतची फ्लॅशकार्ड्स आमच्याकडे दोन दिवसांत कपाटावर गेली. आणि हो, दाणे देताना जवळच बसा, नाकात घालतात.