डिप्लोमा झालाय, कंत्राटी नोकरी गेली, दुसरी शोधतोय. तोपर्यंत भत्ता मिळतो का?

चाकणचा_मेकॅनिकल

नमस्कार सगळ्यांना. वय २४, मेकॅनिकल डिप्लोमा, गाव बार्शी तालुक्यात. चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत कंत्राटदारामार्फत अडीच वर्षं होतो, सीएनसी मशीनवर, शेवटचा ग्रॉस पगार १७ हजार. दीड महिन्यापूर्वी सेकंड शिफ्ट सुटताना गेटजवळच सुपरवायझरने सांगितलं की ऑर्डर कमी झालीय, उद्यापासून तुम्ही २२ जण येऊ नका, ओळखपत्र जमा करा. तेव्हापासून रोज बायोडाटा घेऊन फिरतोय, म्हाळुंगे झालं, भोसरी झालं, रांजणगावला दोनदा जाऊन आलो, गेटवरचा सिक्युरिटी कागद घेतो आणि ड्रॉवरमध्ये टाकतो, आत जातो की नाही माहीत नाही, फोन तर कुठूनच नाही.

रूममध्ये चौघं आहोत, माझ्या वाट्याचं भाडं २ हजार, मेस वेगळी. साठवलेले पैसे अजून एक महिना पुरतील.

आता प्रश्न असा की व्हॉट्सॲपवर एक लिंक आलीय, महाराष्ट्र बेरोजगारी भत्ता महिना ५००० रुपये, आणि इथला एक कॅफेवाला फॉर्म भरून द्यायचे ३०० मागतोय. हे खरं आहे का? आणि खरं असलं तर घ्यावं का? कारण वडिलांना फोनवर बोललो तर म्हणाले आपण कुणापुढं हात पसरलेला नाही आजपर्यंत, फुकटचा पैसा नको, गावाकडे ये, दोन घास मिळतील. खरं सांगायचं तर मला पण आतून तसंच वाटतं. पण गावाकडे गेलो तर इथल्या इंटरव्ह्यूला यायचं कसं. आणि असा भत्ता घेतला तर पुढच्या कंपनीत कळतं का, काही शिक्का बसतो का?

पगारपत्रक

सगळ्यात आधी ते ३०० रुपये देऊ नकोस आणि त्या लिंकवर आधार, ओटीपी काही टाकू नकोस. सरसकट सगळ्या बेरोजगारांना महिना ५००० अशी योजना महाराष्ट्रात चालू नाही. "प्रधानमंत्री बेरोजगारी भत्ता" नावाचे मेसेज पण असेच फिरतात, कधी ३५०० म्हणतात कधी ६०००, केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकने ते खोटे असल्याचं सांगून झालंय, तरी दर वर्षी नवीन मुलं फसतात आणि मला खरंच वाईट वाटतं कारण ज्याच्याकडे आधीच पैसे नाहीत त्याच्याकडूनच ते ३०० काढले जातात.

पण तुझ्यासाठी एक खरी गोष्ट आहे आणि ती तुला कुणी सांगितलेली दिसत नाही. मी बरीच वर्षं पेरोलचं काम केलंय, त्यातही कंत्राटी पोरांचंच जास्त. तुझी जुनी पगार स्लिप काढ, कपातीच्या बाजूला ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लिहिलेलं असेल. १७ हजारावर पाऊण टक्का म्हणजे १२८ रुपये. तेवढे दर महिन्याला तुझ्या पगारातून गेलेत आणि त्यावर मालकाने सव्वातीन टक्के भरायचे असतात. २१ हजारापर्यंत पगार असलेल्यांना हे लागू असतं. आपण सगळे ईएसआय म्हणजे दवाखाना एवढंच समजतो. पण त्यात अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे, २०१८ मध्ये सुरू झाली, नोकरी गेलेल्या विमाधारकासाठीच आहे. आधी सरासरी पगाराच्या २५ टक्के द्यायचे, कोविडमध्ये ५० टक्के केले. जास्तीत जास्त ९० दिवसांचे मिळतात आणि आयुष्यात एकदाच.

तुझा १७ हजार धरला तर दिवसाला ५६६ च्या आसपास, निम्मे २८३, ९० दिवसांचे साधारण २५ हजार. आधी पगार कमी असेल तर सरासरी खाली येईल, तेव्हा हा आकडा पक्का समजू नको.

अटी बघ. नोकरी जायच्या आधी किमान दोन वर्षं विमा असलेल्या कामावर पाहिजे, तुझी अडीच झालीत. ईएसआयचे हप्ते सहा सहा महिन्यांच्या टप्प्यात मोजतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. नोकरी जायच्या लगेच आधीच्या टप्प्यात किमान ७८ दिवसांचा हप्ता भरलेला पाहिजे आणि त्याआधीच्या तीन टप्प्यांपैकी निदान एकात पुन्हा ७८ दिवस. काम सुटून ३० दिवस झाले की क्लेम करता येतो. आधी मालकाकडून कागद पुढे पाठवावा लागायचा, ती अट नंतर काढली, आता तू स्वतः ईएसआयसीच्या साइटवर आयपी नंबरने, म्हणजे तुझ्या विम्याच्या नंबरने, लॉगिन करून क्लेम टाकायचा आणि शाखा कार्यालयात आधार, पासबुक घेऊन जायचं. योजनेची मुदत वेळोवेळी वाढवत आणलीय, म्हणून शाखेत गेल्यावर सध्या चालू आहे ना हे पहिल्यांदा विचारून घे. गैरवर्तनासाठी कारवाई होऊन काढलेल्याला किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्याला मिळत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कंत्राटदाराने तुमच्याकडून काही सही घेतली का? हिशोब देताना बरेच जण कोऱ्या कागदावर नाहीतर छापील राजीनाम्यावर सही घेतात. पोरगं पैशाच्या गरजेत असतं, करून टाकतं. तू केली नसशील तर करू नको. दर महिन्याचा हप्ता भरताना पोर्टलवर कामगार का कमी झाला त्याचं कारण टाकावं लागतं, तिथे "काम सोडलं" टाकलंय की कामावरून कमी केलं असं टाकलंय ते बघ, चूक असेल तर लेखी अर्ज दे आणि पोच घे.

परभणी_९८

दादा मी मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत होते, लोक तिलाच लाडका भाऊ योजना म्हणतात पण मुलींना पण आहे. २०२४ च्या जुलैत जीआर आला. वय १८ ते ३५, बारावी झालेल्याला ६ हजार, आयटीआय किंवा डिप्लोमावाल्याला ८ हजार, पदवीला १० हजार महिना. माझं बीकॉम झालंय म्हणून मला १० लागू झालं, एका सरकारी ऑफिसात आवक जावक आणि कॉम्प्युटरवर नोंदी करायचं काम होतं. आधी सहा महिने होतं मग पाच महिने वाढवून दिले, असे अकरा.

माझा अनुभव सांगते. पहिले पैसे यायला अडीच महिने लागले कारण हजेरी वेळेवर वर गेली नव्हती, आणि माझं आधार ज्या खात्याला लिंक होतं ते शाळेतल्या स्कॉलरशिपचं जुनं खातं निघालं, म्हणजे पैसे येत होते पण मी दुसरंच पासबुक भरून भरून बघत होते. रोज जायला यायला एसटीचे पैसे घरून घेत होते, आईने एकदा पण काही विचारलं नाही पण मला तिच्याकडे हात पुढे करताना कसंतरी व्हायचं. तेव्हा तुमचं खातं आधी तपासा, बँकेत जाऊन डीबीटी, म्हणजे सरकारी पैसे थेट जमा होणं, कुठल्या खात्याला आहे ते विचारा.

आणि हे भत्ता म्हणून धरू नका, हे प्रशिक्षणाचं विद्यावेतन आहे, पूर्ण वेळ जावं लागतं. अकरा महिने संपल्यावर नोकरी मिळेलच असं नाही, मला नाही मिळाली. आमच्यातल्या कितीतरी जणांनी कायम करा म्हणून आंदोलनं केली. पण काम शिकले हे खरं आहे, आता एका सीएंकडे जाते आणि इंटरव्ह्यूत तेच अकरा महिने सांगितले होते. राज्य सरकारच्या महास्वयंम या रोजगाराच्या साइटवर नोंदणी करून ठेवा आणि तुमच्याकडे सध्या जागा निघाल्यात का ते जिल्हा कौशल्य विकास केंद्रात प्रत्यक्ष जाऊन विचारा, फोनवर नीट सांगत नाहीत.

निपाणीकर

आमच्याकडे कर्नाटकात युवा निधी आहे, म्हणजे खराखुरा बेरोजगारी भत्ता. पदवीधराला ३०००, डिप्लोमाला १५०० महिना, जास्तीत जास्त दोन वर्षं. १२ जानेवारी २०२४ ला शिवमोग्ग्यात सुरू केला. २०२२-२३ आणि त्यानंतर पास झालेल्यांना, आणि पास होऊन १८० दिवस झाले तरी नोकरी लागलेली नसावी, पुढे शिकत असला तरी मिळत नाही. नोकरी अजून लागली नाही असं आपणच ऑनलाइन लिहून द्यायचं. माझा भाऊ घेतो. ३००० मध्ये काही घर चालत नाही पण बेळगावला क्लासला जायचं बसभाडं आणि परीक्षांच्या फॉर्मचे पैसे त्यातून जातात, वडिलांकडे दर वेळी मागावं लागत नाही, पोरगं जरा मोकळं बोलायला लागलंय घरात.

कोल्हापूर, कागलची पोरं विचारतात आम्हाला मिळेल का, तर नाही, कर्नाटकचेच रहिवासी पाहिजेत. पाच सात किलोमीटरवर सगळं बदलतं. महाराष्ट्रात असं काही असायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

स्टुटगार्टहून

मूळची साताऱ्याची, इथे जर्मनीत ऑटोमोटिव्ह सॉफ्टवेअरमध्ये. २०२३ मध्ये आमची टीमच बंद झाली, तेव्हा मी २८ ची होते. तुझा शिक्का बसतो का हा प्रश्न वाचला आणि ते दिवस आठवले म्हणून लिहितेय.

इथे पगारातून बेरोजगारी विम्याचे पैसे कापतात, २.६ टक्के, अर्धे कामगाराचे अर्धे मालकाचे. मागच्या ३० महिन्यांत १२ महिने भरले असतील तर नेट पगाराच्या साधारण ६० टक्के मिळतात, मूल असेल तर ६७, आणि माझ्या वयाच्या माणसाला किती महिने मिळणार हे किती महिने भरलं त्यावर ठरतं. काम जाणार असं कळल्यावर रोजगार कार्यालयात वेळेत नाव नोंदवावं लागतं, स्वतःहून नोकरी सोडली तर सहसा १२ आठवडे काही मिळत नाही.

मी पहिल्या दिवशी त्या ऑफिसच्या बाहेर वीस मिनिटं थंडीत उभी होते, आत जायला पाय उचलत नव्हता. घरी आईला सांगितलंच नव्हतं. आत गेले तर माझ्या शेजारच्या खुर्चीवर बांधकामाच्या बुटातला एक विशीतला जर्मन मुलगा फाइल घेऊन शांत बसला होता, त्याचे कागद इतके नीट लावलेले होते, पगाराच्या स्लिपा महिन्याच्या क्रमाने. दवाखान्यात नंबर लावून बसतात तसा बसला होता. तो त्याच्या विम्याचे पैसे घ्यायला आला होता, बास. पाच महिन्यांनी मला काम मिळालं, इंटरव्ह्यूत सरळ सांगितलं मधले महिने भत्त्यावर होते, समोरच्याने मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला. तूही तुझ्या स्लिपा तशाच लाव.

जुना_कामगार

बाळ, तुझ्या वडिलांचं वाक्य वाचलं. मी पिंपरीत ३१ वर्षं काढली, आता निवृत्त. त्यांच्या मनातलं मला कळतं, आमच्या पिढीला तसंच शिकवलंय. पण त्यांना एक गोष्ट सांग.

१९७२ च्या दुष्काळात मी लहान होतो, माझी आई आमच्या गावच्या पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायची. संध्याकाळी तिचे हात मी तेलाने चोळायचो, बोटांच्या पेरांना चिरा पडलेल्या असायच्या. त्या कामांतूनच पुढे रोजगार हमीचा कायदा झाला, १९७७ चा, वि. स. पागे यांनी त्याच्यासाठी आयुष्य लावलं. मागेल त्याला काम, आणि सरकारला काम देता आलं नाही तर बेकारी भत्ता, दिवसाला एक रुपया. रक्कम बघू नको, कायद्यात लिहिलं गेलं होतं की काम न मिळणं हा माणसाचा गुन्हा नाही. आणि त्या योजनेला पैसा उभा करायला व्यवसाय कर आणला. तुझ्या स्लिपवर ईएसआयच्या आसपास पीटी २०० अशी ओळ असेल, तोच तो कर. म्हणजे अडीच वर्षं तू दुसऱ्याच्या कामासाठी पण भरलंस आणि स्वतःच्या विम्याचं पण भरलंस. यात फुकटचं काय आहे? बार्शीकडचा माणूस आहे तुझा बाप, दुष्काळ त्यांना सांगायला नको. ही स्लिप त्यांना दाखव.

अजून एक. कंत्राटदाराने ईएसआय कापून भरलाच नसेल तर घाबरू नको. कंत्राटी कामगाराचा हप्ता भरला जाण्याची जबाबदारी कायद्याने मूळ कंपनीवर पण येते. शाखेत लेखी तक्रार दे. एकटा जाऊ नको, बावीस जण होतात ना, चार पाच जण तरी मिळून जा.

चाकणचा_मेकॅनिकल

सगळ्यांचे खूप आभार, काल रात्री हे तीन वेळा वाचलं. उशीर झाला उत्तर द्यायला कारण स्लिपा शोधत होतो. पेटीत १९ सापडल्या, बाकीच्या व्हॉट्सॲपवर पीडीएफ होत्या त्या डाउनलोड केल्या, एकूण २७ झाल्या, महिन्याप्रमाणे लावल्या. पीटी २०० खरंच आहे, मी आजपर्यंत ती ओळ वाचलीच नव्हती.

साइटवर लॉगिन केलं तर शेवटचे दोन महिने सोडून सगळे हप्ते भरलेले दिसतात. त्या दोन महिन्यांच्या स्लिपवर कपात आहे पण तिथे दिसत नाही. राजीनाम्यावर मी सही केलेली नाही, कंत्राटदार उरलेल्या हिशोबासाठी शनिवारी या म्हणालाय, आता कळलं तिथे काय वाचून बघायचं ते. बावीसपैकी सहा जण यायला तयार झालेत, दोघं गावी गेलेत त्यांना पण फोन केला, त्यातल्या एकाने सही करून टाकलीय, त्याचं काही होऊ शकतं का @पगारपत्रक? त्याच्या घरी लहान बाळ आहे.

वडिलांना रात्री स्लिपचा फोटो पाठवला आणि काकांनी लिहिलेलं वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले आजी पण जायची खडीवर. आणि विचारलं शाखा किती वाजता उघडते.

पगारपत्रक

त्या मित्राला सांग सही केली म्हणून घरी बसू नको, तुमच्यासोबत यायला सांग. गेटवर एकाच दिवशी २२ जणांना थांबवलं हे त्याने अर्जात तारखेसकट लिहावं आणि तुम्ही बाकीच्यांनी त्याच्या अर्जावर साक्षीदार म्हणून सह्या कराव्यात. निकाल काय लागेल ते शाखेवर आहे, पण लेखी गेल्याशिवाय काहीच होत नाही. न दिसणाऱ्या दोन महिन्यांच्या स्लिपांच्या दोन दोन झेरॉक्स काढ, एक त्यांना, एकीवर पोचचा शिक्का घेऊन तुझ्याकडे. आणि नवीन नोकरी लागली की त्यांना हाच आयपी नंबर दे, नवीन काढू देऊ नको, आणि लागल्या दिवसापासून क्लेम थांबव. पुढच्या कंपनीचं विचारत होतास ना, मी इतकी मुलं कामावर घेतली, तू मधे भत्ता घेतलास का असं एकालाही विचारलेलं नाही.

शनिवारी कंत्राटदाराने कुठला कागद पुढे केला तर फोटो काढून इथे टाक, नाव झाकून. मी दिवसभर बघत राहीन.