‘शाश्वत’ अत्तराचा दावा तपासायचा कसा?

मोगरा_६०: दिवाळीत भेट द्यायला ६० बाटल्या हव्यात. एक पर्याय कनौजचं गुलाब अत्तर, १२ मिली, ४५० रुपये. लेबलवर ‘१००% नैसर्गिक, चंदनतेलात उतरवलेलं, पर्यावरणस्नेही’. दुसरा ५० मिलीचा अल्कोहोलवाला स्प्रे, तोही ‘ग्रीन’. ऑर्डरआधी कंपन्यांना नेमकं काय विचारू?

भपकेवाला: अत्तराचं आधी गणित करा. अस्सल भारतीय चंदनतेल किलोला लाखाच्या वर जातं. १२ मिली म्हणजे साधारण साडेअकरा ग्रॅम. नुसत्या तेलाचेच हजारावर रुपये होतात. ४५० रुपयांत ते बसत नाही. भपक्यात, म्हणजे वाफ थंड होऊन जमते त्या तांब्याच्या भांड्यात, चंदनतेलाऐवजी हल्ली बऱ्याचदा लिक्विड पॅराफिन किंवा डीईपी (डायइथाइल थॅलेट, एक बिनवासाचं द्रावक) असतं. दोन्ही खनिज तेलापासूनची. म्हणून पहिला प्रश्न: बेस, म्हणजे फुलांचा वास धरून ठेवणारं तेल, कोणता आणि किती टक्के? सोबत त्याच बॅचचा जीसी-एमएस रिपोर्ट, म्हणजे आत कोणते घटक किती आहेत ते दाखवणारी प्रयोगशाळेची तपासणी, मागा. ‘ट्रेड सिक्रेट’ असं उत्तर आलं तर फॉर्म्युला नको, फक्त बेसचं नाव द्या म्हणावं.

बेस खरंच चंदनाचा निघाला, तरी लगेच खूश होऊ नका. या झाडाची जंगलातली संख्या घटलेली आहे आणि गाभ्यात तेल धरायला पंधरा-वीस वर्षं लागतात. लागवडीचं लाकूड की लिलावातलं, हे कागदावर हवं. साखरेच्या किण्वनातून केलेलं सँटॅलॉल (चंदनतेलाचा मुख्य सुगंधी घटक) बेसमध्ये असेल तर ते झाडाला हलकं पडतं, फक्त मग लेबलवर ‘चंदनतेल’ लिहू नये.

आणि इंधन! डेगेखाली, म्हणजे फुलं उकळायच्या भांड्याखाली, लाकूड-गोवऱ्या जळतात की बॉयलरची वाफ येते? एक किलो गुलाबतेलाला तीन-चार टन फुलं लागतात, त्यामुळे चुलीचा हिशेब लहान नसतो. वापरलेल्या फुलांचं काय करतात, तेही विचारा.

तराजू: स्प्रेचा नमुना किचनच्या काट्यावर ठेवा. ५० मिली अल्कोहोली परफ्यूम सुमारे ४२ ग्रॅम भरतं. भरलेली बाटली २१० ग्रॅम आली तर १६८ ग्रॅम काच, टोपी आणि पंप, म्हणजे आतल्या मालाच्या चौपट. मग टोपी काढून मान बघा. धातूची कडी दाबून बसवलेली असेल तर पंप निघत नाही. रिफिल नाही आणि काच वेगळीही करता येत नाही. आटे असलेली मान हवी. टोपी उगाच जड लागली तर आत वजनासाठी धातू घातलेला असतो. असा जोड भंगारवाला घेत नाही.

मोगरा_६०: स्प्रेवाल्यांनी ‘आयफ्रा (आंतरराष्ट्रीय सुगंध उद्योग संघटना) सर्टिफिकेट आहे’ एवढंच कळवलंय. पुरेल?

भपकेवाला: नाही. ते मुख्यतः वापरणाऱ्याच्या सुरक्षिततेचं, म्हणजे कोणत्या उत्पादनात कुठला घटक किती टक्क्यांपर्यंत चालेल याचं. त्यांना कस्तुरीचा वास कशातून आणलाय ते विचारा. गॅलॅक्सोलाइडसारखे कृत्रिम मस्क सांडपाणी प्रक्रियेतून पूर्ण निघत नाहीत, नदीच्या पाण्यात सापडतात.

तराजू: केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ऑक्टोबर २०२४च्या ग्रीनवॉशिंगविरोधी (पर्यावरणाचे खोटे दावे रोखणाऱ्या) मार्गदर्शक सूचनांनुसार ‘पर्यावरणस्नेही’ म्हटलं की पुरावा द्यावा लागतो, क्यूआर कोड किंवा लिंक चालते. दोन्ही ब्रँडना आधी ती लिंकच मागा. प्लॅस्टिक पॅकिंगसाठी ईपीआर (वापरानंतरच्या कचऱ्याची उत्पादकावरची जबाबदारी) नोंदणी क्रमांकही घ्या.