मदत हवी आहे : शिक्षक भरतीत पदवीची समकक्षता

नमस्कार मंडळी. माझी धाकटी बहीण एम.एस्सी. इंडस्ट्रियल केमिस्ट्री, बी.एड. आहे. शिक्षक भरतीच्या सरकारी 'पवित्र' पोर्टलवरून निवड झाली, घरात पेढे वाटले. कागदपत्र पडताळणीत मात्र सांगितलं, "पदवीवर नुसतं 'रसायनशास्त्र' हवं, नाहीतर समकक्षतेचं, म्हणजे ही पदवी त्याच्या बरोबरीची असल्याचं, पत्र आणा." मुदत आठ दिवस! विद्यापीठात खेटे घालून पत्र मिळालं, पण त्यावर तारीख अर्जाच्या शेवटच्या दिवसानंतरची. त्यावरून नाव बाद.

पदवी तर कितीतरी आधीची आहे. पत्रानं फक्त असलेली गोष्ट लिहून दिली, मग तारीख कुठली धरायची?

2018 च्या झहूर अहमद राथर निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की समकक्षता ठरवणं भरती करणाऱ्याचं काम, न्यायालयाचं नाही. ते वाचून धीर सुटला. पण इथं विद्यापीठाचं पत्र हातात असताना ते बघितलंच नाही, हा मुद्दा वेगळा ना?

ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे, मुंबईची फेरी वाचेल. आधी लेखी हरकत द्यावी की थेट उच्च न्यायालयात रिट याचिका करावी? जागा भरायच्या आत स्थगिती कुणाला मिळाली आहे का? सेवाविषयक प्रकरणं बघणारे वकील माहीत असतील तर कृपया मेसेज करा. पोरगी दोन दिवस नीट जेवली नाही.