मदत हवी आहे : रांगोळीतून पेस्टलकडे, आजीचा चेहरा राखट होतोय

नमस्कार मंडळी,

मी लांज्याजवळच्या एका गावात राहते. बारा-तेरा वर्षं व्यक्तिचित्रांच्या रांगोळ्या काढते आहे. दिवाळीतली प्रदर्शनं, गणपतीचे मंडप, शाळांची स्नेहसंमेलनं, जिथे बोलावतील तिथे जाते. चार बाय पाच फुटांच्या चेहऱ्याला चौदा-पंधरा तास लागतात आणि चार दिवसांनी तो झाडूने गोळा करावा लागतो. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही, रांगोळी असतेच तशी. पण यंदा एक चित्र मला राखून ठेवायचं आहे.

माझी आजी ८९ वर्षांची आहे. रोज सकाळी दहाच्या सुमारास ती पडवीत भिंतीला टेकून, एक पाय पसरून, सुपात तांदूळ निवडत बसते. नजर आता साथ देत नाही, त्यामुळे खडे बोटांनी शोधते. खडा सापडला की क्षणभर थांबते आणि मग तो अंगणात भिरकावते. ते बसणं आणि ती बोटं मला कागदावर हवी आहेत.

तैलरंग मला येत नाहीत. सॉफ्ट पेस्टल हातात घेतले तेव्हा वाटलं, ही तर कांडी केलेली रांगोळीच आहे, आपल्याला जमेल. चार चित्रं झाली, चारही बिघडली.

मुख्य अडचण त्वचेची. रांगोळीत मी तपकिरी, पिवळा, लाल, पांढरा आधी ताटलीत एकत्र करून चाळून घेते आणि तयार छटा चिमटीतून सोडते. पेस्टलमध्ये रंग कागदावरच मिसळावे लागतात. बोटाने घोळवत गेले की दुसऱ्या थरापर्यंत बरं दिसतं, तिसऱ्या थराला आजीचा गव्हाळ चेहरा चुलीतल्या राखेसारखा होतो. उजळ करायला पांढरा लावला की आणखीच मेल्यासारखा दिसतो.

दुसरं म्हणजे, लुगड्याचा मोठा भाग आधी जलरंगाने भरून वर पेस्टल करावं अशी माझी कल्पना होती. पेस्टलसाठी मिळतो तो १६० जीएसएमचा (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) रंगीत कागद घेतला, तर तो पाण्याने पापडासारखा फुगला. नेहमीच्या गुळगुळीत ड्रॉइंग शीटवर पेस्टल धरतच नाही, तिसऱ्या हातानंतर घसरून खाली पडतं. मग पूड उडू नये म्हणून ऐन जुलैत फिक्सेटिव्ह मारलं. आजीचे पांढरे केस जवळजवळ गायब झाले आणि चेहरा दोन छटा गडद झाला.

आणि पावसाळा! गेल्या वर्षीचा एक सरावाचा चेहरा साध्या फ्रेममध्ये काचेला टेकवून लावला होता. गणपतीपर्यंत त्यावर करड्या बुरशीचे ठिपके आले.

शेवटचं, आजीच्या जुन्या लुगड्याचा एक तुकडा माझ्याकडे आहे. तो चित्रात काठाच्या जागी चिकटवावा असं फार वाटतं. योग्य होईल का? खळीने चिकटवू का?

ज्यांनी पेस्टलमध्ये माणसं काढली आहेत त्यांनी कृपया सविस्तर सांगा. आजी अजून बसते आहे, तोवर मला हे करायचं आहे.

प्रतिसाद : खडूची कांडी

ताई, तुमची रांगोळीची सवय आड येत नाहीये, तुम्ही ती अर्धवट वापरताय. रांगोळीत तुम्ही बोटाने घोळवत नाही ना? रंगाशेजारी रंग सोडता. इथेही तेच करा. बोट लावल्याने दोन नुकसानं होतात. बोटाचं तेल लागतं आणि कागदाचा खरखरीत पोत भरून जातो. पोत भरला की पुढचा थर धरत नाही आणि सगळे रंग एकमेकांत मरतात. राखटपणा तिथून येतो.

पांढऱ्या कागदावर चेहरा सुरू करू नका. मध्यम छटेचा तपकिरी किंवा ऑलिव्ह कागद घ्या, गव्हाळ त्वचेची अर्धी मध्यछटा तोच देईल. आधी कडक पेस्टलने, हलक्या हाताने, फक्त तीन छटा मांडा: सावली, मध्य, उजेड. डोळे बारीक करून बघा. या टप्प्यावर चेहरा ओळखू आला नाही तर पुढे कितीही रंग लावून येणार नाही. मऊ कांड्या नंतर. गडदाकडून उजळाकडे जायचं, ठळक उजेड सगळ्यात शेवटी.

सावलीत काळा नको. बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), त्यावर गडद ऑलिव्ह, आणि जिथे सावली थंड आहे तिथे जांभळट निळा. तिरप्या रेघा शेजारी शेजारी ओढा, मिसळायचं काम बघणाऱ्याच्या डोळ्यावर सोडा. उजेडासाठीही पांढरा नको, फिकट यलो ऑकर (मातकट पिवळा) किंवा फिकट पीच वापरा. पडवीत आभाळाचा उजेड येत असेल तर कपाळावरची चमक किंचित निळसर असते. आणि एक गोष्ट मुद्दाम बघा. तुमच्या अंगणात जांभ्याची लाल माती असणार. दहाच्या उन्हात त्या मातीचा तांबूस उजेड उसळून हनुवटीखाली आणि नाकपुडीखाली येतो. फोटोत तो सापडत नाही, समोर बसूनच दिसतो.

शार्दँ या फ्रेंच चित्रकाराची नजर उतारवयात अधू झाली, तेव्हा तो तैलरंगांकडून पेस्टलकडे वळला. १७७१ आणि १७७५ साली त्याने काढलेली स्वतःची चित्रं पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयात आहेत. इंटरनेटवर मोठी करून बघा. म्हाताऱ्या गालावर निळे, हिरवे, लाल फटकारे न पुसता तसेच ठेवलेत, आणि लांबून ती जिवंत कातडी दिसते.

बिघडलेलं चित्र फेकू नका. डुकराच्या केसांच्या कोरड्या ब्रशने थर झाडून काढा, उरलेलं मळण्याच्या रबराने (कणकेसारख्या मऊ खोडरबराने) टिपा. पोत पुष्कळसा परत मिळतो. झाडताना तोंडाने फुंकर मारू नका. काही खड्यांत कॅडमियमसारखी रंगद्रव्यं असतात, ती श्वासात जायला नकोत. कागद उभा लावून काम करा, पूड खाली ओल्या फडक्यावर पडू द्या.

प्रतिसाद : मिश्रमाध्यम

जलरंग आणि पेस्टल ही जुनी जोडी आहे, कल्पना उत्तम आहे. कागद बदला. ३०० जीएसएमचा जलरंगाचा कागद चारी बाजूंनी टेपने फळीवर ताणून घ्या. लुगड्याचा आणि भिंतीचा वॉश (पातळ जलरंगाचा हात) आधी देऊन पूर्ण वाळू द्या. मग जिथे पेस्टल यायचं आहे तिथे पारदर्शक जेसोत (रंगाआधी लावायच्या अस्तरात) बारीक प्युमिस (ज्वालामुखीच्या सच्छिद्र दगडाची) पूड कालवून एक पातळ हात मारा. बारीक पॉलिशपेपरसारखा पोत येतो आणि पाच-सहा थर सहज धरतो. ब्रशचे फराटे एकाच दिशेने जाऊ देऊ नका, नंतर ते गालावर दिसतात.

या जेसोवर आणखी एक सोय आहे. पेस्टलचा पहिला थर लावून त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा ब्रश फिरवला की तो रंगासारखा पसरून कागदात बसतो आणि काही मिनिटांत वाळतो. सावल्या अशा बसवून घेतल्या की फिक्सेटिव्हची गरज निम्म्याने कमी होते.

तुम्ही मनात आणलं असेल म्हणून आधीच सांगतो, प्युमिसऐवजी घरातली पांढरी रांगोळी चाळून टाकू नका. तिचा दाणा आणि दळलेला दगड दर पुडीला वेगळा निघतो. रंगीत रांगोळी तर अजिबात नको, तिच्यातला रंग बहुतेकदा उन्हात उडतो. आणि शाळेतले तेलकट खडू यात मिसळू नका. ऑइल पेस्टल कधी पूर्ण वाळत नाही आणि त्याच्यावर सॉफ्ट पेस्टल धरत नाही.

प्रतिसाद : निवृत्त कलाशिक्षक

रंगाचं सगळ्यांनी सांगितलं, मी बसण्याबद्दल सांगतो. इंटरमीजिएट चित्रकला परीक्षेच्या मुलांना शिकवताना हीच चूक रोज दिसायची: सगळा जीव चेहऱ्यात आणि खाली माणूस हवेत. तुमची आजी भिंतीला टेकली आहे. तिचं वजन पाठीवर, एका कुल्ल्यावर आणि पसरलेल्या पायाच्या टाचेवर आहे. आधी ती तीन ठिकाणं नक्की करा. मग डोक्याच्या उंचीने मोजा की डोक्यापासून सुपापर्यंत किती डोकी, सुपापासून टाचेपर्यंत किती. पाय तुमच्याकडे येत असेल तर तो वाटतो त्याहून खूप आखूड भरेल. मापावर विश्वास ठेवा.

बोटं एकेक काढू नका. आधी पूर्ण पंजा एक आकार म्हणून, मग अंगठा वेगळा, मग बोटांमधल्या फटी. फटींचे आकार बरोबर आले की बोटं आपोआप येतात. सुरकुत्या रेघेने काढल्या की चेहऱ्यावर जाळं पडतं. सुरकुती ही घडी आहे, तिची एक कड धारदार आणि दुसरी विरघळलेली असते.

सावळाराम हळदणकरांचं समईवालीचं जलरंगचित्र मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. ज्योतीआड धरलेल्या तिच्या बोटांतून उजेड झिरपतो आणि कडा तांबूस होतात, ते बघून ठेवा. तुमच्या आजीची बोटं उजेडात आडवी येत असतील तर ती लाली तिथेही असेल.

आजींना वीस मिनिटांपेक्षा जास्त बसवू नका. पाट आणि सूप कुठे होतं ते जमिनीवर खडूने आखून ठेवा आणि रोज त्याच वेळी काम करा. तांदूळ खरेच निवडू देत, नुसती पोझ घ्यायला सांगू नका.

प्रतिसाद : फ्रेमवाला

माझं रत्नागिरीत फ्रेमिंगचं काम आहे, बुरशीची चित्रं दर श्रावणात येतात. तुमची चूक एकच झाली, चित्र काचेला टेकवलं. काचेच्या आत दमट हवेचं पाणी धरतं आणि ते थेट चित्रावर येतं. काच आणि चित्रात अंतर हवं. आम्लरहित जाड माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) दुहेरी घ्यायचा, आणि आतल्या माउंटची खिडकी बाहेरच्यापेक्षा थोडी मोठी कापायची, म्हणजे पडणारी पूड आतल्या फटीत जाते, माउंटवर दिसत नाही. काचच हवी. ॲक्रिलिक शीट हलकी म्हणून लोक मागतात, पण तिच्यावर स्थिर वीज धरते आणि ती पेस्टल ओढून घेते.

मागची बाजू टेपने बंद करा, खालच्या दोन कोपऱ्यांवर बुचाचे तुकडे लावा, म्हणजे भिंत आणि फ्रेममधून हवा खेळेल. पावसाची झड लागणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर टांगू नका. चित्र कोरड्या दिवसांत फ्रेम करून घ्या, जूनपर्यंत थांबू नका. आत कोंडलेला दमटपणा आतच राहतो.

फिक्सेटिव्हबद्दल : पावसाळी हवेत ते पांढुरकं पडतं, हे मी बघितलंय. कोरड्या दिवशी, उघड्यावर, हातभर अंतरावरून, दोन अगदी पातळ हात, तेही मधल्या थरांवर. फ्रेंच चित्रकार देगा मधल्या थरांवर फिक्सेटिव्ह मारून वर पुन्हा काम करायचा. केसांचा पांढरा आणि डोळ्यातला थेंब फिक्सेटिव्हनंतर लावा आणि त्यावर काहीही मारू नका. केसांचा स्प्रे वापरू नका, तो पुढे पिवळा पडतो.

प्रतिसाद : जुने कागद

लुगड्याबद्दल. खळ नको, कोकणात तर नकोच. पिठावर बुरशी येते आणि कसर लागते. तुकडा साध्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा आणि ॲक्रिलिक मॅट मीडियमने चिकटवा. चिकटवायचं ते पेस्टलच्या आधी. शिवाय पूर्ण तुकडा वापरू नका. जुन्या सुताचा रंग उजेडात आणखी उतरेल, तेव्हा निम्मा कपाटात ठेवा.

माझं वैयक्तिक मत असं की काठ जिथे गुडघ्यावरून वळतो तिथे कापड सपाट दिसेल. जमिनीवर पडलेल्या पदराच्या टोकाला चिकटवा, तिथे तो खराही सपाट असतो.

मूळ धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं कुणी समोर बसूनही शिकवलं नसतं. डिसेंबरपर्यंत थांबले आणि मग अकरा सकाळी बसले. काय झालं ते लिहिते.

बोट न लावणं सगळ्यात कठीण गेलं, पहिले तीन दिवस डावा हात पदराखाली धरून काम केलं. रंगाशेजारी रंग हे कळल्यावर मात्र हात रांगोळीसारखा चालू लागला. हनुवटीखालचा तांबूस उजेड खरंच होता! बारा वर्षं चेहरे काढतेय आणि इतकी वर्षं फोटोवरून काढत असल्यामुळे तो मला माहीतच नव्हता. पाय मोजला तर मला वाटत होता त्याच्या निम्मा भरला. पदराच्या टोकाला लुगड्याचा चार बोटं काठ चिकटवला आहे.

उजव्या हाताची करंगळी अजून पटत नाही, पण तिला आता हात लावणार नाही.

आणखी एक मदत हवी आहे. काल चित्र पुरं झालं म्हणून आजीसमोर धरलं. तिला दिसत फारसं नाही. मी "आजी, लांबूनच बघ" म्हणेपर्यंत तिने हात पुढे केला आणि चित्रातल्या सुपावर बोटं फिरवली, खडा शोधते तशी. तांदळाच्या जागी तीन बोटांचे पुसट पट्टे उमटले आहेत. मी तो भाग पुन्हा करू शकते, एका तासाचं काम आहे. पण करावंसं वाटत नाही. तसेच ठेवले तर पुढे त्या जागी काही बिघडेल का? तेल लागलं आहे म्हणून विचारते.

प्रतिसाद : जुने कागद

कोरडा हात होता ना? मग इतक्या हलक्या स्पर्शाने काही होणार नाही. त्यावर फिक्सेटिव्ह मारू नका, झाडू नका, आहे तसं ठेवा.

प्रतिसाद : फ्रेमवाला

ताई, ठेवा तसेच. वरून ग्लासिन (गुळगुळीत, अर्धपारदर्शक) कागद हलकेच ठेवा, घासू नका. दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून आणा आणि गाडीत आडवं, तोंड वर करून ठेवा, उभं नको. सोमवारी दुकान बंद असतं, मंगळवारी या.