घरपोच जेवणाचे बिल इतके का फुगते?

प्रश्न:
काल कामावरून उशिरा परतल्यावर मी अ‍ॅपवरून एका माणसापुरते जेवण मागवले. पैसे भरण्यापूर्वी बिलाचा तपशील उघडला, तेव्हा पदार्थांच्या किमतीखाली पॅकिंग, डिलिव्हरी, प्लॅटफॉर्म शुल्क आणि कर अशा चार वेगळ्या ओळी दिसल्या. त्याच उपाहारगृहाच्या छापील मेनूशी ताडून पाहिले, तर मूळ दरही अ‍ॅपवर चढेच होते. हा दुहेरी भार ग्राहकानेच का सोसावा?

उत्तर १:
मी काही वर्षे एका उपाहारगृहाचा हिशेब सांभाळला आहे. अ‍ॅप कंपन्या प्रत्येक ऑर्डरवर साधारणपणे १५ ते ३० टक्के कमिशन घेतात आणि उपाहारगृहाचा निव्वळ नफा बहुधा त्याहून बराच कमी असतो, त्यामुळे अ‍ॅपवरचे दर वाढवले नाहीत तर मालकाला पदरमोड करावी लागते. सुरुवातीच्या काळातील भरघोस सवलती गुंतवणूकदारांच्या पैशांवर चालत होत्या. तो ओघ आटल्यावर खरा खर्च बिलात उतरू लागला. तुमचा राग मला पूर्णपणे समजतो, पण तो स्वयंपाकघरावर निघू नये.

उत्तर २:
मला अधिक खटकते ते हे, की पावसात जेवण घेऊन येणाऱ्या माणसाला डिलिव्हरी शुल्काची सगळी रक्कम मिळेलच असे नसते. प्लॅटफॉर्म शुल्क तर कंपनीचेच असते.

उत्तर ३:
उपाहारगृह जवळ असेल, तर थेट फोन करून ऑर्डर द्यावी आणि स्वतः जाऊन आणावी.

प्रश्नकर्ता:
कमिशनचा हिशेब मला ठाऊक नव्हता. उद्या फोन करून पाहतो.